दोन कुलपांचं दार

१

"दानाइतकी थोर गोष्ट मानवजातीच्या इतिहासात दुसरी नाही." हे वाक्य संगमरवरात कोरून त्या घराच्या दर्शनी भिंतीत बसवलेलं आहे. येणारे-जाणारे नेमक्या त्याच वाक्यावर कुबड्या टेकवून ठेवतात, त्यामुळे त्यातला 'थोर' हा शब्द झिजून पार सपाट झाला. आता ते वाक्य कौतुकाचं आहे की तक्रारीचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

हजेरीच्या दिवशी सकाळी मात्र त्या वाक्याला टेकलेली एकही कुबडी नव्हती.

आत, साहित्याच्या खोलीची दोन्ही कुलपं रीतसर उघडली गेली. दार लोटलं. चाकांच्या खुर्च्या, डोक्याकडून वर उचलता येणाऱ्या खाटा, वॉकर, पाण्याच्या गाद्या, गाण्याच्या मास्तरांचं प्राणवायूचं यंत्र, सगळं आदल्या संध्याकाळी त्या खोलीत नीट रचून ठेवलं होतं. आता तिथे एक बेडपॅन होतं. तेही उपडं.

"चोरी!" वकीलसाहेब ओरडले. पंचवीस वर्षं कोर्टात हळू बोलण्याचा सराव केलेल्या माणसाचं ओरडणं होतं ते. सायकलच्या ट्यूबमधून हवा गेल्यासारखं.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. या घरात दोन संस्था नांदत, एक ट्रस्ट आणि एक सेवा संस्था, आणि त्या दोघींतला फरक गल्लीत फारसा कुणाला सांगता येत नसे. ज्यांना येई त्यांना थांबवता येत नसे.

हे घर बांधणाऱ्या गृहस्थांना सगळे 'थोरले' म्हणत. त्यांची बायको बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती. ती गेल्यावर तिची खाट, तिची खुर्ची आणि हे घर, तिन्ही त्यांनी ट्रस्ट करून देऊन टाकलं. गरजूंच्या वापरासाठी, कायमचं. ट्रस्ट म्हणजे गेलेल्या माणसानं दिलेला शब्द, राहिलेल्यांनी पाळायचा. विश्वस्त निवडून येत नाहीत, नेमले जातात, आणि एकदा बसले की त्यांना देवानंच उठवावं लागतं. पण विश्वस्त खाट सांभाळतील. ती तिसऱ्या मजल्यावर चढवणार कोण? म्हणून थोरल्यांनी शेजारपाजारच्या मंडळींना गोळा करून सेवा संस्था काढली. संस्था म्हणजे जिवंत माणसांचं भांडण, दर वर्षी हात वर करून मिटवायचं. घर आणि वस्तू ट्रस्टच्या, काम संस्थेचं. ट्रस्टला मन बदलता येत नाही आणि संस्थेला ते बदलल्याशिवाय करमत नाही.

जाताना थोरल्यांनी लेकीला ट्रस्टची प्रमुख केलं आणि मुलाला संस्थेचा सरचिटणीस. साहित्याच्या खोलीला दोन कुलपं घालून दोघांच्या हातात एकेक किल्ली दिली. "एकट्याला मोह होतो," ते म्हणाले. "दोघांत भांडण होतं. आणि भांडणारी माणसं मिळून चोरी करत नाहीत."

भांडणाबद्दल त्यांचा अंदाज अचूक निघाला. भिंतीची बाहेरची बाजू ट्रस्टनं राखायची, आतली संस्थेनं, असा करार होता. एकदा खिडकीची काच फुटली. काच आतली की बाहेरची? तेव्हापासून त्या खिडकीला पुठ्ठा आहे, आणि आक्का आणि भाऊ, सख्खी भावंडं, एकाच बाकावर बसून कारकुनामार्फत बोलतात.

"कारकून, सरचिटणीसांना विचारा, काल संध्याकाळी त्यांनी कुलूप ओढून पाहिलं होतं का?"

"कारकून, प्रमुख विश्वस्तांना सांगा, आम्ही दरवर्षी ओढून पाहतो."

"दोघांचंही ऐकलं मी," विश्वस्तांपैकी एक असलेले वकीलसाहेब म्हणाले. "आता माझं ऐका. दुपारी बाराला संस्थेची वार्षिक सभा आहे. तोवर साहित्य सापडलं नाही, तर ट्रस्ट हे घर परत घेईल. संध्याकाळी संस्थेनं आपला फळा आणि कपबशा घेऊन बाहेर पडायचं."

संस्थेचे अध्यक्ष पांढरेफटक पडले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पण मास्तरांचं यंत्र?"

मास्तरांच्या डॉक्टरांनी सगळ्या गल्लीला बजावून ठेवलं होतं. हजेरीचा एक दिवस मास्तर यंत्राशिवाय कसाबसा काढतील. दुसरा नाही.

२

हजेरी म्हणजे काय, हेही सांगायला हवं. वर्षातून एकदा विश्वस्त येऊन ट्रस्टच्या वस्तू जागेवर आहेत का ते बघत. त्यासाठी संस्था आदल्या संध्याकाळी घरोघर फिरून आजाऱ्यांच्या खालून खाटा काढून आणी, धुऊनपुसून रांगेत लावी. विश्वस्त येत, मान हलवत, चहा घेत. तेवढा वेळ आजारी माणसं जमिनीवर पडून छताकडे बघत. कुणाला यात काही वावगं वाटत नसे. कागदोपत्री सगळं सुंदर होतं.

या वर्षी हजेरीत सापडलेल्या मंडळींत एक विमाबाई होत्या. विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासण्यात त्यांचा जन्म गेला. कोण खरंच जिन्यावरून पडलं आणि कोण फक्त कागदावर पडलं, हे त्या माणसाच्या बूट काढण्यावरून ओळखत. निवृत्तीनंतर स्वतः पडल्या त्या स्टुलावरून, पंखा पुसताना. असा दावा समोर आला असता तर त्यांनी नामंजूर केला असता. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर, संस्थेनं दिलेली चाकांची खुर्ची, आणि प्लास्टरच्या आत, जिथे बोट पोचत नाही तिथे, अखंड खाज. आदल्या दिवशी पेन्सिल घालून खाजवायला गेल्या तर पेन्सिल आतच राहिली. आता खाजही होती आणि पेन्सिलही.

वकीलसाहेब आले तेव्हा त्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या नणंदबाई मागे उभ्या होत्या.

"बाई, तुम्ही आयुष्यभर खोटारडे पकडलेत," वकीलसाहेब म्हणाले. "एक शेवटचा पकडा. साहित्य सापडलं की पहिली खुर्ची तुमची."

"ती आधीपासूनच माझीच आहे," विमाबाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी नेलीत, 'उद्या देतो' म्हणून."

"वहिनी, जाऊ नका," नणंदबाई म्हणाल्या. "ही खुर्ची सरळ जात नाही, गोल फिरते."

"वन्सं, मी तीस वर्षं गोल फिरणाऱ्या माणसांचंच ऐकलंय. ढकला."

३

घरापर्यंत पोचेस्तोवर विमाबाईंना गल्ली चारही दिशांनी दिसली.

दारात काचवाला टेम्पोतून काचा उतरवत होता. नणंदबाईंचा चेहरा उजळला. "चला! अखेर खिडकीला मुहूर्त लागला म्हणायचा."

विमाबाईंनी काचेकडे पाहिलं. काचेत त्या पूर्ण दिसत होत्या, खुर्चीसकट, आणि मागे उभ्या असलेल्या उंच नणंदबाईही डोक्यापासून चपलेपर्यंत.

"काय हो, कुठल्या खिडकीची ही?"

"खिडकी?" काचवाला म्हणाला. "मला वकीलसाहेबांनी माप दिलंय. कसली खिडकी, बाई? हिच्यात म्हैस उभी राहील."

नणंदबाईंनी त्यांना आत ढकललं, म्हणजे आधी उंबऱ्यावर आपटलं आणि मग ढकललं.

आक्का खोलीच्या मधोमध उभ्या होत्या.

"बसा ना, आक्का."

"मी उभीच बरी. प्रमुख विश्वस्तानं उभं राहावं."

"किल्ली?"

"गळ्यात. आंघोळीलाही काढत नाही."

"कुलूप फोडलेलं नाही. दोन्ही कुलपं नेहमीच्या जागी, नेहमीसारखी लावलेली. चोर एवढा नीटनेटका?"

"असेल संस्कारी घरचा," आक्का म्हणाल्या आणि भिंतीला हात लावून सरळ झाल्या.

विमाबाईंच्या हातातला रुमाल खाली पडला. शेजारीच भाऊ उभे होते. हा माणूस एरवी कुणाचीही पडलेली वस्तू मालकाच्या आधी उचलायचा. रुमालाकडे त्यांनी फार वाईट वाटल्यासारखं पाहिलं आणि कारकुनाला हाक मारली. "कारकून, बाईंचा रुमाल द्या."

"तुमची किल्ली, भाऊ?"

"खिशात. झोपतानाही."

"आक्कांनी ही चोरी केली असेल, असं वाटतं का?"

"आक्का?" भाऊ उसळले. "आमचं पटत नाही हो. पण ती..." मग एकदम कारकुनाकडे वळले. "प्रमुख विश्वस्तांबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही, असं सांगा."

"कुणाला सांगू?" कारकुनानं विचारलं. तो बिचारा गोंधळला होता.

अध्यक्षांची खोली मागे होती. संस्थेच्या सभासदांनी त्यांना दोनदा निवडून दिलं होतं. पहिल्यांदा उत्साहानं, दुसऱ्यांदा दुसरं कुणी उभं राहिलं नाही म्हणून. ते सारखे घाम पुसत होते.

"मी उद्ध्वस्त झालो, बाई. वस्तू गेल्या, आता घरही जाणार. मग माझे वर्ग कुठे भरायचे?"

"कसले वर्ग?"

अध्यक्ष थांबले. भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या एका नव्याकोऱ्या पाटीवर त्यांची नजर गेली आणि चटकन परत आली. नणंदबाई तोवर पाटीपाशी पोचल्याही होत्या. उलटून वाचलंच त्यांनी. "'आनंदी जीवन: व्यक्तिमत्त्व विकास केंद्र. मागील खोल्या.' आणि पुढच्या खोल्यांत काय?"

"ते ट्रस्टचं," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे वकीलसाहेबांनाच विचारा ना."

वकीलसाहेब दारातच होते. त्यांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटतच नव्हतं.

"ट्रस्टचं पहिलं कर्तव्य म्हणजे मालमत्तेचं रक्षण. खुर्च्या वापरून वापरून झिजतात. आजारी माणसं तर वस्तूंची अजिबात कदर करत नाहीत. म्हणून मी थोरल्यांचं स्मृतिदालन करतोय. प्रत्येक वस्तू काचेच्या कपाटात, दिव्याखाली. आज हजेरीनंतर संस्था सभेत ठराव करून सगळं साहित्य आम्हाला परत देईल, बदल्यात मागच्या खोल्या वर्गांना. तिघा विश्वस्तांत आम्ही दोघं तयार आहोत, मी आणि ते तिसरे. ते झोपलेले असतात, पण झोपेत मान हलवतात."

"आक्का?"

"आक्का एकट्या पडतात."

"आणि मास्तर काय करतील?"

"ते बघायला येऊ शकतील," वकीलसाहेब म्हणाले. "आजाऱ्यांना प्रवेश मोफत."

विमाबाईंनी प्लास्टरवर टकटक केलं. खाज वाढली होती. मग एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. चोर सापडला नाही तर संस्थेचं घर जाणार होतं. आणि सापडला, तर मास्तरांचा श्वास काचेत जाणार होता.

४

"वहिनी, घरी चला," नणंदबाई म्हणाल्या. "हे कोडं सोडवलं तरी पाप, नाही सोडवलं तरी पाप."

"सोडवल्याशिवाय मला झोप येत नाही, हे तुमच्या भावालाही माहीत आहे. आधी मास्तरांकडे."

मास्तरांचं दार बोटभर उघडलं. आतून मोठ्यानं रेडिओ ऐकू येत होता.

"मास्तर, कसे आहात?"

"आत येऊ नका, घर आवरलेलं नाही!" आतून आवाज आला. "आणि कसा असणार मी, ज्या माणसाचं यंत्र रातोरात दोन कुलपांच्या आतून पळवलं जातं आणि वर त्यालाच येऊन 'कसे आहात' म्हणून विचारलं जातं तो माणूस कसा असेल याची तुम्हीच कल्पना करा, विमाबाई, कारण सांगायची ताकद माझ्यात राहिलेली नाही!"

"काळजी घ्या," विमाबाई म्हणाल्या.

दार बंद झालं. रेडिओचा आवाज आणखी वाढला.

"बिचारे," नणंदबाई म्हणाल्या.

"बिचारे खरे. मागच्या हजेरीला मास्तरांना 'पाणी द्या' म्हणायला तीन वेळा थांबावं लागलं होतं. तुम्हीच सांगितलं होतंत मला."

नणंदबाईंनी खुर्ची थांबवली. खुर्ची मात्र थोडी फिरलीच.

पुढच्या घरातल्या आजींना माकडहाड मोडल्यापासून खाटेवरून उतरता येत नव्हतं. खिडकीतून त्यांनी यांना पाहिलं आणि हात हलवला. "अगं विमे! इकडे ये, बाई! लुटलं गं मला! चटईवर पडल्ये बघ, जमिनीवर, फरशीच्या गारठ्यात!"

"अरेरे," विमाबाई रस्त्यावरूनच म्हणाल्या. "काही लागलं तर सांगा, आजी."

"मला काय लागतंय या वयात! त्या मेल्या वकिलाला मात्र लागायला हवं काहीतरी."

खिडकी मागे पडली तसं विमाबाईंनी विचारलं, "वन्सं, तुम्ही चटईवर पडलात तर त्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसाला दिसाल का?"

नणंदबाईंनी मागे वळून खिडकीची उंची पाहिली. मग वहिनींकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांच्या वस्तू सगळ्यांच्या घरी आहेत?"

"सगळ्यांच्या."

"मग आपली कुठाय?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विमाबाईंना पुराव्याचा भाग केलं होतं, आणि ते त्यांना लागलं. अख्खी गल्ली एका कटात होती आणि कटाला फक्त त्यांना बोलावलं नव्हतं.

५

त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या आणि बोटांवर हिशेब करत बसल्या. नणंदबाई उन्हात उभ्या.

"वकील नाही," विमाबाई म्हणाल्या. "वकिलानं कपाटांच्या काचा मागवल्यात. रिकामी कपाटं दिव्याखाली ठेवून काय दाखवणार? त्याला वस्तू हव्यात. अध्यक्षही नाहीत. वस्तू गेल्या की घर गेलं, घर गेलं की वर्ग गेले. त्यांचा घाम खरा होता. मी खोटा घाम पुष्कळ पाहिलाय."

"मग गल्लीतल्यांनीच?"

"नेल्या गल्लीतल्यांनी. पण दार कुणी उघडलं? दोन कुलपं, दोन किल्ल्या. एक गळ्यात, एक खिशात. दोन्ही जागच्या हलल्या नाहीत. म्हणजे हलल्या त्या मालकांसकट. आक्कांना बसता येत नाहीये आणि भाऊंना वाकता येत नाहीये. दोघांची कंबर एकाच दिवशी धरलीये. खाटांच्या खोलीसमोर उभं राहून दोन माणसांची कंबर एकदम धरते, तेव्हा काय समजायचं?"

"भांडणारी माणसं मिळून चोरी करत नाहीत म्हणतात."

"थोरल्यांनी तेवढंच पाहिलं. मिळून देऊन टाकतील, हे त्यांना सुचलंच नाही."

नणंदबाईंना आनंद झाला, आणि लगेच शंकाही आली. "पण एवढा उपद्व्याप कशाला? वकिलाला नुसतं 'नाही देत' म्हणायचं."

"तेच. आणि आजच का? काल का नाही, उद्या का नाही?" विमाबाई गल्लीकडे पाहत राहिल्या. बारा वाजायला आले होते. सभेला माणसं निघाली होती. धडधाकट, तुरतुरीत, अध्यक्षांच्या वर्गातली माणसं, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन. "वन्सं, संस्थेची सभा दरवर्षी कधी असते?"

"हजेरीच्या दिवशी. सगळे जमलेलेच असतात म्हणून."

"सगळे?"

नणंदबाईंचं तोंड उघडं राहिलं.

"संस्थेचा नियम आहे, वस्तू वापरणारा प्रत्येक जण सभासद. थोरल्यांनीच घातलाय. म्हणजे आजी सभासद, मास्तर सभासद, मी सभासद. आणि ज्या दिवशी मत द्यायचं, नेमक्या त्याच दिवशी आमचे पाय, आमच्या खाटा, आमचा श्वास, सगळं हजेरीला गेलेलं असतं. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. चहा एकदाच करावा लागतो म्हणून केलंय. पण इतक्या वर्षांत एकाही आजाऱ्यानं संस्थेत हात वर केलेला नाही. म्हणून आजच! ढकला, वन्सं! सरळ ढकला!"

"सरळ जात नाही हो ही!"

"मग वाकडी ढकला, पण जोरात!"

६

दिवाणखाना भरला होता. वकीलसाहेब विश्वस्तांच्या रांगेत, तिसरे विश्वस्त झोपेत, आक्का उभ्या, भाऊ त्यांच्याहून ताठ उभे.

"चोर सापडले?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"सापडले," विमाबाई म्हणाल्या. "दोन आहेत."

आक्कांनी डोळे मिटून घेतले.

"नावं सांगा. मी आत्ताच्या आत्ता पोलिसांना बोलावतो."

"बोलवा. पण फिर्याद कोण देणार? वस्तू ट्रस्टच्या, म्हणजे फिर्याद ट्रस्टच्या प्रमुखांनी द्यायची. ताबा संस्थेचा, म्हणजे संस्थेच्या सरचिटणीसांनी. तुमचे दोन चोर तेच आहेत. ट्रस्टनं आपलं कुलूप आपल्या किल्लीनं उघडलं, संस्थेनं आपलं. आणि थोरल्यांनी ज्यांच्यासाठी वस्तू दिल्या, त्यांना दिल्या. याला चोरी म्हणत असाल, तर गेली कित्येक वर्षं हे घर चोरीवरच चाललंय. वकीलसाहेब, तुम्ही सांभाळायला बसलात आणि अध्यक्ष सुधारायला. दोघांनी हातमिळवणी केलीत आणि दोघांच्या मधला आजारी माणूस जमिनीवर राहिला. आक्का-भाऊंचं एका काचेवर पटत नाही, पण काल दोघांनी मिळून खाटा वाहिल्या. ट्रस्ट आणि संस्थेनं एकत्र काम करणं याला म्हणतात."

"बहुमतानं आक्कांना दूर करता येईल," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. "बहुमतानं दालनही करता येईल."

"आक्कांना दूर करा," आक्काच म्हणाल्या. "बाबांच्या हेतूला करून दाखवा. घर 'वापरासाठी' दिलंय. विश्वस्तांना घर राखता येतं, शब्द फिरवता येत नाही. धर्मादाय कचेरीत मी स्वतः जाईन, आणि उभ्यानंच जाईन. तसंही बसता येत नाहीये."

"पण संस्थेला ठराव करता येतो!" अध्यक्षांना एकदम धीर आला. "साहित्य वाटपाचं काम बंद करून वर्ग सुरू करावेत. सभासदांनी हात वर करावेत!"

पाण्याच्या बाटल्या धरलेले हात वर गेले. भरपूर होते. भाऊंनी खाली मान घातली.

आणि बाहेर चाकं वाजली.

आधी खुर्च्या आल्या, एकामागे एक, उंबऱ्यावर धडधडत. मग वॉकर, मग कुबड्या. कुबड्यावाल्यांनी आत येताना सवयीनं त्या संगमरवराला टेकवल्या, मग आठवण होऊन परत घेतल्या. मग आजींची खाट, चार नातवंडांनी ढकललेली. आजी वर, उशीला टेकून बसलेल्या, राणीसारख्या. "सरका रे! मला दिसत नाहीये कुणाला शिव्या द्यायच्या त्या!"

सगळ्यांत शेवटी मास्तर. त्यांचं यंत्र हातगाडीवर गुरगुरत होतं, आणि यंत्राची वायर मागे गल्लीत गेली होती. एका घरातून दुसऱ्या घरात, एका बटणावरून दुसऱ्या बटणावर, शेजारणी पुढची वायर जोडत, मागची काढत आल्या होत्या. मधल्या क्षणांत मास्तरांनी श्वास धरून ठेवला होता. गाण्यातल्या तयारीचा उपयोग झाला.

"हजेरी घ्यायची होती ना?" मास्तर म्हणाले. "घ्या! वस्तू हजर. माणसांसकट हजर. पहिल्यांदाच!"

"मोजा मेल्यांनो," आजी म्हणाल्या. "हात लावून मोजा. पण उचलायला आलात तर चावेन. कवळी नवीन आहे."

ठरावाच्या विरोधात हात वर झाले. थरथरणारे, सलाईनच्या पट्ट्या चिकटवलेले, एक तर शेजारणीनं कोपराला धरून वर केलेला. कारकुनानं मोजले, पुन्हा मोजले, आणि घसा खाकरला.

"समसमान."

"मग अध्यक्षांचं जादा मत!" अध्यक्ष उठलेच. "नियमच आहे!"

"वहिनी!" नणंदबाई किंचाळल्या. "हात!"

विमाबाईंचा हात खाली होता. खरं तर तो मघापासून प्लास्टरच्या कडेतून आत घुसण्याचा प्रयत्न करत होता. त्यांनी तो ओढून काढला आणि वर केला.

"चालणार नाही," वकीलसाहेब उभे राहिले. "वस्तू वापरणारा तो सभासद. या बाई घरच्या खुर्चीवर बसल्यात. यांच्याकडे ट्रस्टची वस्तू कुठाय?"

फक्त यंत्र गुरगुरत होतं.

आक्कांनी भाऊंकडे पाहिलं. कारकून सवयीनं पुढे सरसावला, पण आक्कांनी त्याला हातानं बाजूला केलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या. "आण ती."

"आणतो, आक्का," भाऊ म्हणाले.

कारकून आयुष्याचं प्रयोजन संपल्यासारखा उभा राहिला.

आक्का शेजारच्याच घरात राहत. तिथून भाऊ चाकांची खुर्ची घेऊन आले. दोघांनी मिळून विमाबाईंना त्या फिरत्या खुर्चीवरून उचललं, दोघांच्याही तोंडून एकदमच "आई गं" निघालं, आणि विमाबाई आपल्या खुर्चीत बसल्या.

"मला का नाही परत दिलीत?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही पहिल्या प्रश्नात ओळखलं असतंत," आक्का म्हणाल्या.

"आणि खोटं बोलता आलं नसतं तुम्हाला," भाऊ म्हणाले. "तीस वर्षांत सवय गेली असेल, असं वाटलं."

विमाबाईंनी क्षणभर विचार केला. हे कौतुक होतं. दावा मंजूर. मग त्यांनी हात पुन्हा वर केला, कोपरापासून ताठ, सगळ्यांना दिसेल असा.

ठराव पडला. अध्यक्ष पाटी काखेत मारून मागच्या दारानं गेले. त्याच सभेत असंही ठरलं, की यापुढे हजेरी घरोघरी जाऊन घ्यायची. वस्तू येणार नाहीत, विश्वस्त येतील. तिसऱ्या मजल्यावरसुद्धा. तिसरे विश्वस्त या वेळी जागे झाले आणि जिना किती उंच आहे ते विचारू लागले. वकीलसाहेबांनी काचवाल्याला टेम्पो परत न्यायला सांगितलं. काचवाला म्हणाला, एवढी मोठी काच परत नेत नसतात, कापून कुठेतरी बसवा.

सगळ्यांच्या नजरा खिडकीवरच्या पुठ्ठ्याकडे गेल्या.

"काच बाहेरची आहे," भाऊ म्हणाले.

"आतली," आक्का म्हणाल्या. मग थोडं थांबून, "कारकून, सरचिटणीसांना सांगा, आतली."

कारकुनाच्या चेहऱ्यावर रंग परतला.

लोक टाळ्या वाजवत होते, मास्तरांनी कुठलीशी तान घेतली होती आणि ती यंत्राच्या सुरात मिसळली होती. आजींनी हुकूम सोडला, की या विमेनं आता चार शब्द बोलावेत. दिवाणखाना शांत झाला. आक्का आणि भाऊही भांडण थांबवून वळले. विमाबाईंनी घसा साफ केला, जमलेल्या सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाल्या,

"विणायची सुई आहे का हो कुणाकडे? लांबशी."